छाट

डेस्कवरून फोन : साहेबांनी काय खाल्लं?
मी सांगितलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही.
किती भाकऱ्या?
दीड.
उरलेली अर्धी कुणी उचलली?
ते मला माहीत नव्हतं.
बावीस वर्षांच्या नोकरीत
उत्तर येत नाही म्हणून घाम फुटला
असा हा पहिला प्रश्न.

काल फेट्याचा रंग होता.
परवा समोरच्या उमेदवाराचा घोडा
सात रस्त्यावर अडला, पुढे जाईना,
ती पाऊण पान बातमी माझीच.
घोडा कुणाचा, वय काय,
आधी कुणाच्या वरातीत अडला होता,
सगळं खोदून काढलं मी.
घोडेवाला शेवटी म्हणाला,
फॉर्म घोड्यानं भरलाय का, साहेब?

आज विडी.

नीलम नगरात राजमणी येमूल यांच्या दारात
साहेब मांडी घालून बसले.
मांडी बसेना, तर दोन कार्यकर्त्यांनी गुडघे दाबले.
पानं भिजवणं, फर्म्यानं कापणं
बाईंनी पहाटे चारलाच उरकलेलं.
साहेबांनी तंबाखू सांडली, पान गुंडाळलं,
दोरा बाईंनी बांधला.
एक विडी. सोळा कॅमेरे.
इकडे बघून, साहेब, अजून एकदा,
म्हणून तीच उलगडून
तीनदा वळली.

गर्दी पांगल्यावर मी पाणी मागितलं.
तांब्या आला, अर्धा.
"पाचवा दिस हाय. रात्री सोडतेत का बगू."
मग बोलत राहिल्या, बोटं न थांबवता.
पान देतात आठशेचं, विड्या मागतात हजार,
वरचं पान पदरचं.
एका डोळ्यानं आता दोरा दिसत नाही,
पण दोरा बोटांना दिसतो, त्याचं काही नाही.
वहीची अडीच पानं भरली.
"काय लिहिलालास येवढं? येतंय का ते पेपरात?"
मी म्हटलं, बघतो.
बघतो म्हणजे काय
हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

रात्री सहा कॉलम मिळाले.
'साहेबांनी वळली विडी, माताभगिनी गहिवरल्या.'
कोण गहिवरलं, मी विचारलं.
ओळ भरली ना, ते म्हणाले.
पाण्याचा पाचवा दिवस चार ओळींत बसवला होता.
साडेदहाला टॉवेलची जाहिरात आली
आणि त्याला पुसून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो,
कशाला ते विचारू नका.
बाई नुकत्याच ब्रँचवरून आल्या होत्या.
चेकरनं कट्टा सोडला, चाचपला,
एक विडी उचलून बाजूला टाकली.
छाट.
पोट ढिलं, तोंड उघडं, ओढली तर विझेल.
एक निघाली म्हणून त्यानं
हाताला लागतील तेवढ्या आणखी काढल्या.
"कुणाची ते सांगितलं नाही?"
"सांगितलं की. हसला.
म्हनला, मी बी पेपर वाचतो."

पेपर त्यांच्याकडेही होता.
जमिनीवर अंथरून त्यावर ओली पानं.
साहेबांच्या फेट्याचा रंग सुटून
एका पानाला लागला होता.
बाईंनी ते पान कात्रीनं उचलून बघितलं,
पदरानं पुसलं, बाकीच्यांत ठेवलं.

फोन वाजला. डेस्क.
उद्या साहेब मागावर बसणार,
किती इंच विणतात ते मोज. पट्टी घेऊन जा.

वही उघडली. अडीच पानांपुढचं कोरं,
शिवणीत तंबाखूचा चुरा.
झटकला तर शिंक आली, उंबऱ्यातच.

"शिंकलास. जाऊ नगं लगेच.
बस जरा, पानी पिऊन जा,"
त्या आतून म्हणाल्या.
घागर कलती केल्याचा आवाज आला.
मग थोडा वेळ काहीच नाही.

"नुस्तं बस."